सूतभर चूक

तारीख ३, सोमवार

आलो एकदाचा. ट्रक दहाला येणार होता तो साडेअकराला आला, आणि उतरवताना कपाटाचा एक पाय दुखावला तो दुखावलाच. पण आज कुणावर चिडायचं नाही असं ठरवलंय. निवृत्तीनंतरचं स्वतःचं घर! चार खोल्या, पुढे तीन पायऱ्या, मागे दोन खुर्च्या टाकता येतील एवढं अंगण. जुनं आहे, पण हाडापेराने दणकट.

ही वही माझ्या भाच्यासाठी. पुढच्या वर्षी तो घर बांधायला काढणार आहे, आणि त्याची अक्कल मला ठाऊक आहे. चप्पल घ्यायला गेला तरी दुकानदार देईल ती घालून घरी येतो आणि मग आठवडाभर लंगडतो. तेव्हा बाबा, मामा रोज लिहील, तू नंतर सावकाश वाच. कारागिरांकडून काम कसं करून घ्यावं हे मला कुणी शिकवायला नको. कारखान्याच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली. मापात नसलेला एक तुकडा माझ्या टेबलावरून पुढे सरकला नाही. कामगार पाठीमागे मला ‘नापाससाहेब’ म्हणायचे. मला ते कळायचं, आणि आवडायचंही.

दुपारी टेप आणि ओळंबा घेऊन घरभर फिरलो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते तो सांगतो, आणि गवंड्याचा नातेवाईक नसल्यामुळे खरं सांगतो. एक भिंत सरळ असेल तर शपथ! एक कोपरा काटकोनात असेल तर शपथ! जिथे लावावा तिथे एक सूत फरक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, भाच्या. एवढंसुद्धा तुला सांगावं लागतं. गंमत अशी की फरक सगळीकडे तेवढाच. दीड नाही, पाऊण नाही. बांधणाऱ्यांना चूकसुद्धा एकच येत होती.

आज झोप छान लागेल. नापास करायला भरपूर आहे.

तारीख ४, मंगळवार

गवंडी आला. साठीचा, कानामागे पेन्सिल, तोंडात एकच शब्द: बघू. भिंत कधी उतरवणार? बघू. कोपरा सरळ होईल ना? बघू. मी त्याचं नावच ‘बघू’ ठेवलं.

नियम पहिला: कारागीर ‘बघू’ म्हणाला की त्याने आधीच बघितलेलं असतं आणि त्याला ते करायचं नसतं.

एक सुताचा फरक दाखवला तर म्हणतो, ही चूक नाही साहेब, हे सोडलेलं आहे. त्याचा उस्ताद सोडायचा, उस्तादाचा उस्ताद सोडायचा. घर संपूर्ण मापात आलं की त्याला दुसरं काम उरत नाही, मग ते राहणाऱ्यांची मापं काढत बसतं, असं त्याचं म्हणणं. मी इतका हसलो की ठसका लागला. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ऐकली होती; अंगण मुद्दाम वाकडं करून ठेवणारा आजच पाहिला.

बाकी ‘मापं काढणं’ हा आमच्या हिचा आवडता शब्द, माझ्यासाठी राखून ठेवलेला. मी कुणालाही दोन सुधारणा सुचवल्या की हिचं सुरू: झालं, काढली का त्याचीही मापं?

तारीख ६, गुरुवार

आज सुतार. याचं नाव ‘उद्या’, कारण तो परवापासून उद्या येणार होता. थोडक्यात, आज उद्या आला.

याला आकडे लिहिता येत नाहीत. सरळ काठी घेतो, चौकटीला लावतो, तिच्यावर रेघ मारतो. ती रेघ हेच त्याचं माप. एकविसावं शतक! मी टेप पुढे केला तर साप दाखवल्यासारखा मागे सरला. पण दोन गोष्टी लिहून घे, अडाण्याकडूनही शिकावं. फळीवर रेघ मारली की कापून टाकायच्या बाजूला तो फुली मारतो. फुली म्हणजे जाणारी बाजू. आणि दुसरी, जी तो प्रत्येक फळीमागे पुटपुटतो: लांब असेल ते कापता येतं, आखूड असेल ते वाढवता येत नाही.

दारांना सूतभर फट ठेवायची म्हणतो. लाकूड फुगतं, दाराला श्वास लागतो. दाराला! उद्या चहा मागेल. मी बजावलं की दार आणि चौकट यांच्यामध्ये मला पत्त्याचं पान जाता कामा नये.

तारीख ९, रविवार

हिचा फोन. ही सध्या बहिणीकडे आहे. पावसाळ्यात गेली ती तिथेच आहे. लोकांना मी सांगतो की घराचं काम होईपर्यंत.

भाच्या, तुझ्या मामीचा उजवा पाय जन्मापासून आखूड. अर्धा इंच, म्हणजे चार सूत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी मोजला होता. उजव्या चपलेला जाड तळ लावते, तरी एक पाऊल जड, एक हलकं; घरात अनवाणी चालली की जास्तच. मला डोळे मिटून हिचं चालणं ओळखू येतं. आलेल्या-गेलेल्यांसमोर मी ‘आमची चार सूत कमी’ म्हणायचो. लोक हसायचे. तीही हसायची. पावसाळ्यात एकदा नव्या शेजाऱ्यांसमोर म्हणालो, तेव्हा नाही हसली. दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

आज म्हणाली की तेवीस तारखेला, रविवारी येऊन बघते. राहीन असं म्हणाली नाही. बघते म्हणाली. मी म्हणालो, ठीक आहे. मला वेगळं काहीतरी म्हणायचं होतं.

स्वयंपाकाचा ओटा मात्र तिच्या कोपराच्या उंचीला करून घेतोय. पूर्वीच्या घरी तो उंच होता, ती वीस वर्षं खांदे उचलून पोळ्या लाटत होती. माप विचारावं लागलं नाही. मला पाठ आहे. हे तिला सांगणार नाही. आली की कळेलच.

तारीख १२, बुधवार

झालं! पुढच्या खोलीचा शेवटचा कोपरा सोडला तर घर मापात. ओळंबा सोडला की भिंतीला समांतर असा उभा राहतो की दोरी रंगवल्यासारखी वाटते. दारं हलक्या बोटाने आपोआप लागतात आणि लागली की दार कुठे संपलं, चौकट कुठे सुरू झाली ते दिसत नाही.

शेवटच्या कोपऱ्यावर बघूने हात टेकले. साहेब, हा एवढा राहू द्या. माझ्या पाया पडायचा तेवढा राहिला. मी त्याच्या हातातून थापी घेतली आणि कोपरा स्वतः घासून काटकोनात आणला. नियम सातवा: शेवटचं काम स्वतः करावं, म्हणजे कारागिराला त्याची जागा कळते.

बघूने अवजारं गोळा केली. चहा तयार होता, घेतला नाही. जाताना उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, तुम्ही तरी थोडे वाकडे राहा, साहेब. उर्मटपणाला वय नसतं.

तारीख १३, गुरुवार

सकाळी माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने आकडे. ५–५–३. नव्या रंगावर! सुताराचे प्रताप. पाच फूट पाच इंच तीन सूत उंचीचं या खोलीत काहीच नाही. कपाट सहाचं, खिडकी चारची. पुसून टाकलं.

तारीख १४, शुक्रवार

आज तीन ओळी. ५–५–३. खाली १–४–२. खाली दोन आकडे शेजारी शेजारी, त्यांच्यात तीन सुतांचा फरक, आणि मोठ्या आकड्यापुढे फुली.

सुताराला बोलावून घेतलं आणि चांगला तासला. तो ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, साहेब, मला आकडे कुठे येतात?

खरंच की. विसरलो होतो.

मग त्याने भिंतीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, पुन्हा वर, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. फळी निवडताना पाहतो तसं. आणि गेला. त्याची पटाशी, ती रुंद पात्याची छिन्नी, इथेच राहिली. हाक मारली तरी वळला नाही.

तारीख १५, शनिवार

माझी उंची पाच फूट पाच इंच तीन सूत आहे.

खांद्यांची रुंदी एक फूट चार इंच दोन सूत. डावा खांदा उजव्यापेक्षा तीन सूत खाली. एकतीस वर्षं टेबलावर एका बाजूला कलून बसल्याचं ते फळ. फुली उजव्यापुढे आहे. उंच असलेल्यापुढे.

आणि अक्षर माझं आहे. पाचाची शेपूट मी अशीच लांब ओढतो. कारखान्यात हजारो तुकड्यांवर ओढली आहे. मी लिहिलेलं नाही. पेन्सिल घरात नाहीच. कुणीतरी माझं अक्षर गिरवलंय, शिकाऊ माणूस गिरवतो तसं, नीट, जपून.

कुणाची तरी थट्टा. सुतावरून स्वर्ग गाठू नये.

तारीख १६, रविवार

उठलो तर उशीवर भुसा. रंधा मारल्यावर पडतो तसा, पातळ, गोल वळलेला. रंग लाकडाचा नाही. फिका.

रक्त नाही. दुखत नाही. आरशात पाहिलं. दोन्ही खांदे एका रेषेत.

खोटं कशाला लिहू, आधी बरं वाटलं. सदरा आयुष्यात पहिल्यांदा नीट बसला. पाच-दहा मिनिटं ऐटीत फिरलो. मग भुसा झाडायला झाडू घेतला आणि तो कशाचा आहे ते लक्षात आलं. झाडू तिथेच टाकला.

तारीख १८, मंगळवार

काल लिहिलं नाही. दात. खालचा एक वाकडा होता, लहानपणापासून. आता सगळे सरळ, वर-खाली, पट्टी ठेवावी असे.

भिंतीवर आज पंजा. पाच आकडे. चारांपुढे फुल्या. करंगळी पास.

तारीख १९, बुधवार

अक्षर बिघडलंय, समजून घे. पेन धरता येत नाही. चारही बोटं करंगळीएवढी. अंगठाही. टोकं गुळगुळीत, पॉलिशपेपर मारल्यासारखी, आणि टोकाला नखं, छोटी, नीट, सारखी. मी टेबलावर हात ठेवून पाहत बसलो. मला हे शहाण्या माणसासारखं लिहायचं होतं पण — मला भीती वाटते. झालं लिहून. मला भीती वाटते.

बाहेर पडलो आणि बघूला शोधून काढलं. दोन गल्ल्या सोडून एका बांधकामावर वीट लावत होता. हात दाखवला. तो ‘बघू’ म्हणाला नाही. म्हणाला, घरात कुठेतरी एक सूत चूक करा. तुमच्या हाताने. पुसायची नाही, पण मनापासून करावी लागते. लाज वाटत असेल तर ती चूक होत नाही.

तूच ये म्हणालो. हात जोडले मी. त्याने मान हलवली. शेवटचा हात ज्याचा, चूक त्याचीच लागते. शेवटच्या कोपऱ्यावर शेवटचा हात माझा.

घर सोडून पळता आलं असतं. पण रविवारी ती येतेय. ती त्या पायऱ्या चढेल, आणि तिचा पाय —

परत आलो.

तारीख २०, गुरुवार

पटाशी दोन मुठींत धरली. कोपरा फोडला. एक खोबण पडली. टेप लावला —

चौरस. चारही बाजू सारख्या. काटकोनात.

पुन्हा फोडला. पुन्हा चौरस. डोळे मिटून घाव घातले, वेडेवाकडे, ओरडत. डोळे उघडले. हात आपोआप नीट करत होता. माझ्याच्याने चूक होत नाही. एकतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, स्वतःची एक करता येत नाही.

तारीख २१, शुक्रवार

कोपरा भरून आलाय. रंगासकट.

हिला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. का, म्हणाली. मला घाबरलोय म्हणायचं होतं. ओट्याचं सांगायचं होतं. पायाबद्दल, त्या शेजाऱ्यांसमोरच्या बोलण्याबद्दल. तोंडातून निघालं की काम अजून मापात नाही. ती हसली. तुमच्या मापात कधी काय होतं, म्हणाली, मी येतेच आहे.

तारीख २२, शनिवार

पुढच्या खोलीत. दाराशेजारी. नव्या ओळी.

४–११–०.

उजवा २–५–०. डावा २–५–४.

डाव्यापुढे फुली.

आखूड असेल ते वाढवता येत नाही.

हा आकडा मीच सांगितलाय या घराला. नऊ तारखेला. वहीत. चार सूत. घर माझी वही वाचतं — की मीच त्याला सगळं — नाही. नंतर.

फोन लावला. बहिणीने उचलला. ही रात्रीच्या गाडीसाठी निघाली कधीच, आणि फोन तिथेच विसरली. नेहमीसारखी. यावर एरवी मी चार शब्द सुनावले असते.

उद्या सकाळी सातपासून बाहेर पायरीवर बसायचं. तिला फाटकातच अडवायचं. सगळं सांगायचं. पाया पडायचं वेळ आली तर. घरात पाऊल टाकू द्यायचं नाही.

तारीख २३, रविवार

सव्वासात. वही घ्यायला मागच्या खोलीत आलो. एवढंच. वही तिला दाखवायची होती, माझ्या शब्दावर ती विश्वास ठेवणार नाही म्हणून.

दार लागलं. हलकेच. आपोआप.

उघडत नाही. फट नाही. पटाशीचं पातं जाईल एवढीही नाही. मी सांगितलं होतं पत्त्याचं पान जाता —

खिडकीही.

साडेनऊ. मूठ सुजली. आवाज बसला.

फाटक वाजलं.

ओरडलो. येऊ नकोस, आत येऊ नकोस. ऐकू गेलं. बाहेरून तिचा आवाज, आले हो आले, आल्या आल्या ओरडू नका, आज तरी माझी मापं काढू नका. नेहमीचं ओरडणं वाटलं तिला. नेहमी ओरडलोच ना मी.

पायऱ्या. जड. हलकं. जड. हलकं. तिसरी —

चपला काढल्या.

आत आली.

काही ऐकू येत नाही. पडल्याचा आवाज नाही. ओरडणं नाही. मी दाराला कान लावून —

हसतेय. ती हसतेय. किती वर्षांनी. अहो, म्हणतेय, अहो, बघा तरी —

चालतेय. इकडेच येतेय. मी ऐकणार नाही. मोजणार नाही. माझ्याच्याने राहवत नाही, मी मोजतोय, टप्, टप्, टप्, दोन्ही पावलं, एका सुताचाही फर—